नियंत्रण आणि पाळत

व्यवस्थापनाची कार्ये आपण नियोजनापासून शिकू लागतो आणि नियंत्रणाशी येऊन थांबतो. हेन्री फेयॉल यांनी १९१६ साली मांडलेल्या पाच कार्यांतही नियंत्रण शेवटीच येते. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले गुण मिळाले होते. परंतु नियंत्रण कोठे संपते आणि पाळत कोठे सुरू होते, हे मात्र मी कॉलेजबाहेर शिकलो.

दुपारनंतर मी एका करसल्लागारांच्या ऑफिसात काम करतो. जीएसटी रिटर्न भरण्याची गडबड होती. मालक म्हणाले, "अक्कांच्या कॉम्प्युटरवर आठवडाभरात काय काय उघडलंय, त्याची यादी करून दे." अक्का म्हणजे तेथील सर्वांत जुन्या क्लार्क. मी यादी केली. कधी जेवणाच्या सुट्टीत, तर कधी कामाच्या वेळीही अक्कांनी एकच गोष्ट शोधली होती: डायलिसिसचा खर्च आणि त्यासाठी मिळणारी सरकारी मदत. यादी पाहून मालकांनी त्यांना सर्वांसमोर सुनावले. वास्तविक इंटरनेटच्या वापराबद्दल तेथे कोणताही नियम कधी सांगितलेलाच नव्हता. संध्याकाळी अक्कांनी मला एवढेच विचारले, "तू सगळं वाचलास होय रे?"

ही हकीकत आमच्या सरांना सांगितली, तेव्हा त्यांनी मला 'बार्बुलेस्कू विरुद्ध रुमानिया' हा खटला वाचावयास सांगितला. बार्बुलेस्कू हे एका खाजगी कंपनीत विक्री विभागाचे इंजिनिअर होते. ग्राहकांना उत्तरे देण्यासाठी कंपनीच्या सांगण्यावरून त्यांनी याहू मेसेंजरचे खाते उघडले होते. २००७ साली कंपनीने त्यावरील त्यांचे संभाषण नोंदवले, भाऊ आणि वाग्दत्त वधू यांच्याशी झालेले खाजगी बोलणेसुद्धा ४५ पानांवर उतरवले आणि त्यांना कामावरून काढले. खाजगी वापरास बंदी असल्याचा नियम कंपनीत होता. तरीही ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी बार्बुलेस्कूंच्या बाजूने निकाल दिला. पाळतीची आणि तिच्या व्याप्तीची पूर्वसूचना त्यांना मिळाली होती काय, तसेच कमी जाचक उपाय शक्य होता काय, हे रुमानियातील न्यायालयांनी नीट तपासले नव्हते. देखरेख करूच नये, असे मात्र न्यायालयाने म्हटलेले नाही.

तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण त्यातील विचार घेण्यासारखा आहे. मालकांचीही बाजू खरी आहे. कामाच्या वेळेचा ते पगार देतात आणि एखाद्या घातक फाइलमुळे अशिलांची माहिती बाहेर गेली, तर जबाबदारी त्यांच्यावरच येते. म्हणून नियम हवाच. परंतु तो लेखी असावा. काय तपासले जाईल, ते आधी सांगावे. किती वेळ गेला एवढे कळून भागत असेल, तर मजकूर वाचू नये. आणि दोष देण्यापूर्वी त्या माणसाचे म्हणणे एकांतात ऐकून घ्यावे.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कित्येकजण व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसतील. तत्पूर्वी कोणीतरी अशी यादी करावयास सांगेलच. त्या वेळी "नियम कोणता?" असे विचारण्याचे धैर्य दाखवावे. मला ते झाले नाही. अक्कांची मी क्षमा मागितली. त्यांच्या प्रश्नाला मात्र मला "होय" असेच उत्तर द्यावे लागले.