नाशिकची वाइन आणि आपले ताट

मंडळातील बऱ्याच घरी हल्ली जेवणाबरोबर वाइन असते. ती नाशिकची असली तर अभिमानही वाटतो. स्टॅनफर्डला शिकून परतलेल्या राजीव सामंत यांच्या सुला वाइनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली.

त्यांची शेनिन ब्लां किंचित गोडसर पांढरी. तिखट जेवणाला हीच बरी, कारण गोडव्याने तिखटाचा जाळ कमी भासतो. तळलेल्या सुरमईबरोबर घेऊन पाहा. सोव्हिन्यां ब्लांमध्ये साखर जवळजवळ नाही. ती आंबटसर, कोथिंबीरवडीशी जमते. शिराझ लाल. लाल वाइनला द्राक्षाच्या सालीतून तुरटपणा येतो, आणि तो तिखटाला आणखी चेतवतो. तांबड्या रश्श्याबरोबर ती नकोच, कमी तिखट सुक्या मटणाबरोबर द्यावी.

आता प्रकृतीचे. लाल वाइन हृदयाला चांगली, असे १९९०च्या दशकात आपण सर्वांनी ऐकले. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२३ साली सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. तेव्हा ‘औषध’ म्हणून सुरू करू नका. घेतच असाल तर पेला म्हणजे ५ औंस. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे पाचच.

आपल्यात मधुमेही पुष्कळ. इन्सुलिन किंवा ग्लिपिझाइडसारखी गोळी चालू असताना उपाशीपोटी वाइन घेतली, तर रक्तातील साखर एकदम उतरू शकते. घाम, बोलण्यातला गोंधळ ही लक्षणे बघणाऱ्याला नशाच वाटतात. आमच्या साडूंचे असेच झाले. बोटाला टोचून साखर मोजली तेव्हा कळले. पाहुण्यांना आधी वडी द्या, मग पेला.