कुरुपाला मूळ असते का?

प्रश्न : माझ्या डाव्या तळपायाला, करंगळीच्या मागे, कुरूप झाले आहे. दोनदा ब्लेडने कापले, तरी पुन्हा आले. ‘मूळ आत राहिले असेल,’ असे सगळे म्हणतात. हे खरे आहे का? मला मधुमेह आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : कुरुपाला मूळ नसते. एकाच जागी सतत दाब पडला किंवा घासले गेले की त्वचा स्वतःच्या बचावासाठी केराटिनचा वरचा थर जाड करते. कुदळ चालवणाऱ्याच्या तळहाताला आणि मांडी घालून बसणाऱ्याच्या घोट्याला घट्टे पडतात ते यामुळेच. घट्टा पसरट असतो, सहसा दुखत नाही. दाब लहानशा जागी एकवटला की हाच थर पाचरीसारखा आत रुततो आणि मज्जातंतूंना टोचतो. ते कुरूप. पाचरीच्या टोकालाच लोक मूळ समजतात. ती कापली तरी दाब तसाच राहतो, म्हणून कुरूप परत येते.

मात्र ती चामखीळ नाही ना, हेही पाहायला हवे. तळपायाची चामखीळ विषाणूमुळे होते. कुरूप सरळ दाबले की जास्त दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात आणि त्वचेवरच्या रेषा तिथे तुटतात. घट्ट्यावर त्या सलग असतात.

उपचाराची सुरुवात चपलेपासून करा. तळ मऊ आणि पुढचा भाग रुंद हवा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करा. मधुमेह नसलेल्यांनी पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवून वजरीने हलके घासावेत आणि युरियायुक्त मलम लावावे.

तुम्ही मात्र ब्लेड आजच बंद करा आणि कॉर्न कॅपही लावू नका. तिच्यातल्या सॅलिसिलिक आम्लाने आजूबाजूची चांगली त्वचाही भाजते. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते. मग जखम कळत नाही, लवकर भरत नाही आणि कधी कधी जाड त्वचेखालीच लपून राहते. डॉक्टरांकडून तो थर सुरक्षितपणे तासून घ्या आणि दाब कमी करणाऱ्या चपलेबद्दल विचारा. लाली, पू किंवा त्वचेखाली काळसर रक्त दिसले तर त्याच दिवशी दाखवा. आणि रोज रात्री आरसा धरून दोन्ही तळपाय पाहत जा.