वेगाला भुलू नका, आधी पाठ बघा

वर्षानुवर्षं चालणाऱ्या फॅन्टसी लीगसाठी वेगवान गोलंदाजांची क्रमवारी लावायची असेल, तर ताशी किलोमीटरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी वय, मग पाठ, मग गेल्या तीन हंगामांत तो किती सामन्यांना हजर होता, आणि त्यानंतर वेग. वडूजमधली आमची लीग हे बरंच सोसून शिकली आहे. नव्यानं असा खेळ मांडणाऱ्या पोरांना तेच पुन्हा सोसावं लागू नये, म्हणून हे लिहितो आहे.

आधी खेळ काय आहे ते सांगतो. नेहमीच्या फॅन्टसी क्रिकेटमध्ये सामन्यापुरती टीम लावायची आणि सकाळी विसरून जायची. आमच्याकडे तसं नाही. बोली लावून खेळाडू एकदा घेतला की तो आपला. आपण बदली करेपर्यंत किंवा सोडेपर्यंत तो आपल्याच वहीत राहतो, त्याचा पडता काळही आपलाच. अमेरिकेत बेसबॉलच्या अशा लीगना ‘डायनेस्टी’ म्हणतात. न्यू जर्सीत असलेल्या माझ्या भाच्यानं ही पद्धत आम्हाला समजावून दिली. आमच्यातले निम्मे गडी वडुजात असतात, निम्मे गलाईच्या धंद्यानं दक्षिणेतल्या शहरांत. खटाव, खानापूर, आटपाडी या तालुक्यांतली घरंच्या घरं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगली आहेत. ही मंडळी सेवागिरी महाराजांच्या यात्रेला गावी आली की आमची बोली बसते. पैसा एकही नाही. प्रत्येकाला वर्षाला ठरावीक गुण मिळतात, त्यांतूनच बोली लावायची.

आता 2024 ची गोष्ट. 30 मार्चला लखनौकडून मयंक यादव आयपीएलमधला पहिला सामना खेळला आणि पंजाबचे तीन गडी बाद केले. तीन दिवसांनी बेंगळुरूविरुद्ध पुन्हा तीन, आणि एक चेंडू ताशी 156.7 किलोमीटरचा. दोन्ही सामन्यांत तोच सामनावीर. त्या रात्री आमच्या ग्रुपवर कुणी झोपलं नाही. कोइमतूरला गलाई करणाऱ्या आमच्या एका मित्रानं दोन मुरलेले गोलंदाज देऊन मयंकला घेतला. तिसऱ्या सामन्यात मयंकनं एकच षटक टाकलं आणि तो बाहेर गेला. त्याचा हंगाम चार सामन्यांत संपला. लखनौनं त्याला पुढच्या वर्षासाठी 11 कोटींना राखलं, पण 2025 मध्ये तो दोनच सामने खेळू शकला. फ्रँचायझीकडे डॉक्टर असतात, फिजिओ असतात, राखीव गोलंदाजांची रांग असते. आमच्या मित्राकडे त्याच्या जागी लावायला कुणीच नव्हतं, आणि दोन्ही वर्षी त्याचा संघ तळाला राहिला.

मित्राला क्रिकेट कळत नाही, असं मुळीच नाही. मयंकच्या गुणवत्तेबद्दलचा त्याचा अंदाज बरोबरच होता. नडली ती प्रश्नांची पाळी. ‘किती चांगला आहे’ हे त्यानं आधी विचारलं, ‘किती दिवस मैदानात उभा राहील’ हे विचारायचं राहून गेलं.

मागे वळून पाहिलं तर हा धडा जुनाच आहे. 2018 च्या 19 वर्षांखालच्या विश्वचषकात कमलेश नागरकोटीचा वेग बघून सगळे थक्क झाले होते. कोलकात्यानं 3.2 कोटींना घेतलं, आणि दुखापतींमुळे 2018 व 2019 हे दोन्ही हंगाम तो खेळूच शकला नाही. उमरान मलिकनं 2022 मध्ये 22 बळी घेतले, ताशी 157 किलोमीटरपर्यंत गेला. पुढच्या हंगामांत अकरा जणांत त्याची जागा टिकली नाही. दुखापत नसली, तरी नुसत्या वेगावर दिशा आणि टप्प्याची उणीव भरून निघत नाही, हे त्यातून दिसलं.

‘धीर धरला की फळ मिळतं’ असं कुणी म्हणालं, तर मी पॅट कमिन्सचं उदाहरण देतो. नोव्हेंबर 2011 मध्ये जोहान्सबर्गला, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यानं पहिली कसोटी खेळली. एका डावात 79 धावांत सहा बळी घेऊन सामनावीर ठरला. त्याची दुसरी कसोटी थेट मार्च 2017 मध्ये, आपल्या रांचीत. मधली पाच वर्षं बरीचशी पाठीच्या हाडानं खाल्ली. पुढे तो ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला, 2023 चा विश्वचषक उचलला. आता हिशेब करा. 2011 मध्ये घेणाऱ्याच्या वहीत पाच वर्षं एक जागा बहुतेक रिकामीच राहिली असती, आणि कंटाळून त्यानं कमिन्सला सोडून दिलं असतं. 2017 मध्ये घेणाऱ्याला सगळं पीक मिळालं असतं. खेळाडू तोच, हात तोच. फरक फक्त कधी घेतला याचा.

बेसबॉलवाले या बाबतीत आपल्यापुढे आहेत. तिथला स्टार्टिंग पिचर म्हणजे सामन्याची सुरुवात करून जमेल तितका वेळ चेंडू टाकणारा मुख्य गडी. एका सामन्यानंतर त्याला साधारण चार दिवस विश्रांती देतात, तरी त्याचं कोपर जातं. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरातला तुटलेला बंध नव्यानं बसवला. ती शस्त्रक्रिया आजही त्या खेळाडूच्याच नावानं ओळखतात. तीनंतर परत यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. भाचा पहिल्याच फोनवर म्हणाला होता, “मामा, पिचरचं काही खरं नसतं. आम्ही फलंदाज आधी घेतो.” स्टीफन स्ट्रासबर्गचं उदाहरण त्यानंच दिलं. 2010 मध्ये पहिल्याच सामन्यात 14 फलंदाज बाद, त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया. सावरून 2019 च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे तिथल्या अंतिम मालिकेचा, मानकरी झाला, 24.5 कोटी डॉलरचा सात वर्षांचा करार मिळाला, आणि त्या करारात तो जेमतेम आठ सामने खेळू शकला. एकाच माणसाच्या कारकिर्दीत त्याला घ्यायची वेळही आली आणि विकायचीही.

आपल्याकडे कोपराऐवजी पाठ. वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना पुढचा पाय आपटतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार खालून वर जातो आणि त्याच क्षणी कंबर वाकून पिळलेली असते. कंबरेच्या मणक्याचं हाड पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्कं होत असतं. म्हणून विशी-बाविशीच्या पोरांच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचं प्रमाण जास्त असतं. त्यात एकदम वाढलेलं काम सगळ्यात वाईट. आयपीएलमध्ये सामन्याला चोवीस चेंडू टाकणाऱ्या गड्याला कसोटीत दिवसाला वीस षटकं टाकायला लावली की शरीर बोलायला लागतं. आपल्या भागात खिल्लार खोंड घेणारा जाणता माणूस रंग-शिंगाआधी पाय, खूर आणि दात बघतो. गोलंदाजाच्या बाबतीतही नजर तशीच खालून वर गेली पाहिजे.

आता प्रत्यक्ष क्रमवारीकडे येऊ. एक ते पन्नास अशी नावं लिहू नका. सातवा आणि नववा यांत काय फरक, हे कुणालाच सांगता येत नाही. गट पाडा.

पहिल्या गटात पंचवीस ते तीस वयाचे, तीन हंगाम मोठा खंड न पडता खेळलेले आणि कामाची जागा पक्की असलेले गोलंदाज ठेवा. अर्शदीप सिंग या गटाचा नमुना. 1999 चा जन्म, डावखुरा, नवा चेंडूही टाकतो आणि शेवटची षटकंही. 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात 17 बळी, आणि 2025 मध्ये टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामन्यांत शंभर बळी घेणारा पहिला भारतीय. त्याच्या वेगाची बातमी होत नाही, म्हणून बोलीत तो स्वस्त जातो.

दुसरा गट असामान्य, पण जपून वापरल्या जाणाऱ्यांचा. यात बुमराह. 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यानं दीडशेहून अधिक षटकं टाकून 32 बळी घेतले, आणि सिडनीच्या शेवटच्या डावात पाठीमुळे त्याला चेंडूच टाकता आला नाही. चॅम्पियन्स करंडक हुकला. इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोट्या खेळणार, हे दौऱ्याआधीच ठरलं होतं. याच पाठीवर 2023 मध्ये शस्त्रक्रिया झालेली आहे. त्याच्या एका सामन्याची बरोबरी कुणी करणार नाही, पण बोली लावताना सामने मोजा. यंदा जिंकायचंच असेल तर तो सगळ्यांत वर. संघ नव्यानं बांधत असाल तर तुमच्याकडचा बुमराह दुसऱ्याला देऊन दोन तरुण फलंदाज घ्या.

याच जागी सिराजचं नाव घेतो, कारण आमच्या लीगला हजेरीची किंमत त्यानं शिकवली. माझ्या वहीत नाव, जन्मसाल, संघाचे सामने, खेळलेले सामने, दुखापत, कुठली षटकं टाकतो आणि शेवटी वेग, असे रकाने आहेत. सिराजच्या ओळीत 2025 चा इंग्लंड दौरा असा आहे: पाचपैकी पाच, 185 हून अधिक षटकं, 23 बळी. मालिकेत दोन्ही संघांत सर्वाधिक बळी त्याचेच. ओव्हलची कसोटी आपण सहा धावांनी जिंकली, तेव्हा शेवटचा बळीही त्याचाच. ही ओळ वाचल्यावर वेगाचा रकाना बघायची गरज उरत नाही.

तिसरा गट दुखापतीतून परत येऊन एक पूर्ण हंगाम खेळलेल्यांचा, आणि खरा सौदा इथेच मिळतो. प्रसिद्ध कृष्णा दुखापतींमुळे 2023 आणि 2024 च्या आयपीएलला मुकला. लोकांनी त्याचं नाव खोडलं. 2025 मध्ये गुजरातकडून 25 बळी घेऊन त्यानं पर्पल कॅप मिळवली. परतल्यावरच्या पहिल्या दोन-तीन सामन्यांवर जाऊ नका. आधीची लय आहे का, सलग सामने खेळवतात का, हे बघा आणि मग बोली लावा. तोपर्यंत बाकीच्यांची भीती गेलेली नसते, म्हणून भाव खालीच असतो.

चौथा गट बाविशीखालच्या तुफान पोरांचा. यांतला एकच ठेवा आणि तो नाही खेळला तरी संघ उभा राहील, अशी सोय करून ठेवा. त्यानं दोन सामने गाजवले आणि ग्रुपवर त्याच्या नावाचा गजर सुरू झाला, की विकायची वेळ तीच.

बत्तीस-तेहतीसपुढच्या गोलंदाजाला एका वर्षाचीच किंमत द्या. आपला श्रीरामपूरचा झहीर खान 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेऊन संयुक्त अव्वल होता. त्याच जुलैत लॉर्ड्सवर त्याची मांडी दुखावली आणि मालिका संपली. जेम्स अँडरसन एक्केचाळिशीपर्यंत खेळून 704 कसोटी बळींवर थांबला, पण तसा माणूस पिढीत एखादाच. त्याच्यावरून बाकीच्यांचा हिशेब मांडू नका. फिरकीपटू मात्र या वयातही बिनधास्त धरा. अश्विन अडतिसाव्या वर्षी 537 कसोटी बळी घेऊन निवृत्त झाला.

लीगचे नियमही गोलंदाजांचा विचार करून लिहा. प्रत्येक संघाला दुखापतग्रस्तांसाठी वेगळ्या दोन जागा द्या, म्हणजे जायबंदी खेळाडू नेहमीची जागा अडवणार नाही आणि त्याला घाईनं सोडावंही लागणार नाही. नुसत्या बळींना गुण न देता टाकलेल्या षटकांनाही थोडे गुण ठेवा. आमच्याकडे हे दोन नियम आल्यापासून कोइमतूरच्या मित्रालाही मयंक सांभाळणं परवडतं.

पैसे लावू नका. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले. त्याआधी आमच्या भागातल्या कितीतरी पोरांनी दुधाचे आणि ऊसबिलाचे पैसे त्यात घालवले. पैसा आला की माणूस उद्याच्या सामन्यापलीकडे बघत नाही, आणि या खेळाचं मर्म तर चार वर्षं पुढे बघण्यात आहे.

मी शाळेत शिकवतो, मैदानावरही असतो, म्हणून शेवटचं सांगणं गावच्या आयोजकांना. यात्रेच्या टेनिस बॉल स्पर्धेत सगळ्यात वेगवान पोराला एका दिवसात तीन-तीन सामन्यांत चेंडू टाकायला लावतात. वहीत सिराजची षटकं मोजणारे आम्हीच मैदानावर सोळा वर्षांच्या पोराची षटकं मोजत नव्हतो. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात वयाप्रमाणे मुलांच्या षटकांवर मर्यादा आहे. आपल्या स्पर्धेच्या पत्रकावरही एक ओळ छापा: अठराच्या आतल्या वेगवान गोलंदाजाला दिवसात एकच सामना. सांगायला बोर्ड लागत नाही, पंचानं ठरवलं तरी पुरे. पोराची पाठ दुखत असेल तर त्याला शेक देऊन पुन्हा मैदानात पाठवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आमच्या वहीतला खेळाडू पडला तर गुण जातात, पुढच्या यात्रेला दुसरा घेता येतो. त्या पोराला दुसरी पाठ मिळणार नाही.