जुन्या मोटारीचे सुकाणू

बैलगाडी वळते ती बैलांच्या बळाने. जू ज्या बाजूस फिरते त्या बाजूस दांडी फिरते, आणि दांडीबरोबर आस व दोन्ही चाके एकदमच वळतात. मोटारीस चार चाके असतात व तिच्यापुढे बैल नसतात. म्हणून चालकाच्या हाताचे बळ पुढील दोन चाकांपर्यंत नेण्यास निराळी योजना करावी लागते. या योजनेस सुकाणू किंवा स्टिअरिंग म्हणतात. तीत ढिलेपणा शिरला तर मोटार रस्ता सोडू पाहते, आणि मोटारीत तर माणसे बसलेली असतात. म्हणून हा विषय केवळ मिस्त्रीलोकांचा नव्हे.

आपले शिरड शहापूर आज हिंगोली जिल्ह्यात आहे. पूर्वी ते परभणी जिल्ह्यात व हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात १९३२ साली निजामाच्या रेल्वेच्या रस्ते-वाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. स्कॉटलंडातील अल्बियन कारखान्याच्या गाड्या तेव्हा वापरात आल्या. त्या काळच्या बसचा पुढील आस म्हणजे एक अखंड लोखंडी तुळईच असे. अशा जुन्या बसच्या सांगाड्यावर कोणी फिरते घर उभारू लागला, तर भिंती, खाटा व पाण्याची टाकी यांचे ओझे चाकांवर येते. तेव्हा रंगरंगोटीच्या आधी सुकाणू तपासावे, हेच शहाणपणाचे.

रचना

चालकापुढील चक्र फिरविले की एक कांब फिरते व तिच्या टोकाशी असलेल्या दातेरी पेटीतून ड्रॉप आर्म नावाचा दांडा हलतो. तो ड्रॅग लिंक नावाच्या कांबीने एका चाकाचा हात ओढतो अथवा ढकलतो. ते चाक किंग पिन नावाच्या उभ्या खिळीभोवती फिरते. दोन्ही चाकांचे हात टाय रॉडने जोडलेले असल्यामुळे दुसरे चाकही सोबत वळते.

दोन्ही चाके सारखीच वळावीत काय? नाही. वळणावर आतील चाक लहान वर्तुळावर व बाहेरील चाक मोठ्या वर्तुळावर चालते. समजा, पुढील व मागील आसांत ४ मीटर अंतर आहे, दोन किंग पिनांत दीड मीटर आहे, आणि मागील आसाचा मध्य १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालला आहे. मग आतील चाकाच्या कोनाचा टॅन्जंट ४ भागिले ९.२५, व बाहेरील चाकाच्या कोनाचा ४ भागिले १०.७५ होतो. कोष्टक पाहता हे कोन सुमारे २३.४ व २०.४ अंश येतात. हा तीन अंशांचा फरक साधावा म्हणून चाकांचे हात मागील आसाच्या मध्याकडे तिरपे ठेवतात. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने ही युक्ती घोडागाडीसाठी काढली. १८१८ साली रुडॉल्फ आकरमान याने लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले, व तिला त्याचेच नाव पडले.

आधी ढिलेपणा, मग मोजमाप

गाडी सपाट जमिनीवर उभी करून मागील चाकांस अडणी लावावी. पुढील आस उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे प्राण संकटात घालणे होय. चाक डावीउजवीकडे धरून हलवावे. खळखळ जाणवल्यास टाय रॉडच्या टोकांचे सांधे पाहावे. मग वर व खाली धरून हलवावे. आता हालचाल जाणवली, तर सोबत्याने ब्रेक दाबून ठेवावा. ब्रेक दाबताच ती थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. न थांबली तर किंग पिनचा. झिजलेले भाग बदलून व वंगण देऊन मगच पुढे जावे. ढिल्या सांध्यांवर घेतलेले माप क्षणभरही टिकत नाही.

नंतर चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावे व निम्म्यावर थांबावे. येथे पेटी मध्यावर असते. या वेळी चाके समोर असली पाहिजेत. नसल्यास, ड्रॅग लिंकची लांबी बदलता येत असेल तर ती बदलून चाके समोर आणावी. नुसते चक्र काढून सरळ बसविले तर दोष झाकतो, जात नाही.

शेवटी चाकांची सरळता. उचललेले चाक फिरवीत टायरच्या मध्यावर खडूचा पट्टा ओढावा व स्थिर धरलेल्या खिळ्याने त्यावर बारीक रेघ काढावी. गाडी खाली उतरवून काही पावले पुढे ढकलावी. मागे नेऊ नये. मग आसाच्या उंचीवर दोन रेघांमधील अंतर चाकांच्या पुढील बाजूस व मागील बाजूस मोजावे. मागील चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या जुन्या गाडीत पुढचे अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवे, कारण चालताना पुढील चाके बाहेर फाकू पाहतात. हा फरक थोड्या मिलिमीटरांचाच असतो. नेमका आकडा कारखान्याच्या पुस्तकातूनच घ्यावा. टाय रॉडच्या टोकांस उलटसुलट आटे असतात, म्हणून तो फिरविताच लांब वा आखूड होतो. रॉड आसाच्या मागे असल्यास लांब केल्याने पुढचे अंतर कमी होते. काम संपताच पकडी आवळून माप पुन्हा घ्यावे.

थोडक्याचा हिशेब

एवढ्याशा मापाने काय बिघडते, असे कोणास वाटेल. ७५० मिलिमीटर व्यासाच्या चाकांत हा फरक योग्य मापापेक्षा ६ मिलिमीटरांनी अधिक झाला असे माना. प्रत्येक चाकाच्या वाट्यास ३ मिलिमीटर, म्हणजे व्यासाचा २५० वा भाग येतो. यावरून एका किलोमीटरात प्रत्येक चाक ४ मीटर आडवे घासले जाते. औंढा नागनाथाकडून शिरड शहापुरास येईतो हे घासणे किती वाढेल, ते विद्यार्थ्यांनी आपणच काढावे. टायर झिजते, इंधन वाया जाते, आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर झिजलेले चाक घसरते.

हे काम जाणत्या मिस्त्रीच्या हाताखालीच करावे. पण ढिलेपणा आधी काढावा, माप मागाहून घ्यावे, व दुरुस्तीनंतर ते पुन्हा तपासावे, हा क्रम ज्याने एकदा समजून घेतला, त्यास तो प्रयोगशाळेत आणि शेतातील अवजारांपाशीही उपयोगी पडेल.