छंद, नाद आणि पाळी : गिरणगावातील फावल्या वेळाविषयी

महाविद्यालयात प्रवेश घेताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात अगदी शेवटी 'छंद' असा एक रकाना असतो. मी त्यात 'वाचन व संगीतश्रवण' असे लिहिले होते. माझ्या बहुतेक वर्गभगिनींनीही तेच लिहिले असावे. हा रकाना कोणी वाचत नाही, हे भरणाराला ठाऊक असते आणि छापणारालाही. परंतु यंदा समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी 'गिरणी कामगारांचे छंद' हा विषय घेतला आणि पहिलाच प्रश्न घरात, आबांना म्हणजे माझ्या आजोबांना, विचारला : "आबा, तुमचा छंद कोणता?"

आबा प्रभादेवीच्या एका गिरणीत साचेखात्यात वीस वर्षे होते. ते कुडाळकडचे. थोडा वेळ माझ्याकडे पाहून म्हणाले, "छंद-बिंद माका म्हायत नाय गो चेडवा. नाद होतो."

त्यांच्या या एका उत्तराने माझी सारी प्रश्नावली निकामी झाली. 'छंद' हा संस्कृतातून आलेला, शिकलेल्यांचा शब्द आहे. वृत्ताला आपण छंद म्हणतो, इच्छेलाही छंद म्हणतात. त्यात एक आखीवपणा आहे, मर्यादा आहे. 'नाद' मात्र घरात बोलला जातो, आणि बहुतेक वेळा दटावण्यासाठीच. 'नादी लागला', 'नाद सोड', 'कसला नाद घेऊन बसलास' असेच आपण म्हणतो. शिवाय नाद म्हणजे आवाज. आबांच्या बाबतीत दोन्ही अर्थ खरे होते, कारण ते भजनात पखवाज वाजवीत.

फावला वेळ हा आपोआप मिळणारा वेळ नव्हे, ही गोष्ट आपण विद्यार्थी सहज विसरतो. गिरणगावात तो तासातासाने मिळवावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तिच्या मागण्यांत आठवड्याची एक सुट्टी ही प्रमुख मागणी होती. ती मान्य होऊन १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी सुरू झाली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि प्रगतीच्या त्या खुणेने कामगाराची संध्याकाळच हिरावून घेतली. सूर्य मावळला तरी साचा थांबेना. चौदा-चौदा तास काम चालू लागले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. ती १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा आणि १९४६ मध्ये नऊ तासांवर आली. या आकड्यांकडे मी पूर्वी कामगार कायद्याचा इतिहास म्हणून पाहात असे. आता मला त्यात भजन, कबड्डी आणि नाटक यांच्या जन्माच्या तारखा दिसतात. जो बारा तास उभा राहून दोन साचे सांभाळतो, तो रात्री तालमीला बसत नाही. तो झोपतो.

वेळेनंतर प्रश्न जागेचा. १९२१ च्या सुमारास मुंबईतील जवळजवळ दोनतृतीयांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहात होते. गिरणगावात त्याहून बिकट अवस्था. एकेका गावाची मंडळी मिळून एक गाळा भाड्याने घेत. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस माणसे त्या गाळ्यात पाळीपाळीने झोपत. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. एक माणूस उठला की त्याच वळकटीच्या जागी दुसरा आडवा होई. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी. अशा खोलीत तिकिटे गोळा करणे किंवा चित्रे काढणे कसे जमावे? माझ्या मते गिरणगावचे सगळेच नाद चारचौघांत करण्याचे आणि खोलीबाहेर करण्याचे का होते, याचे अर्धे उत्तर या खुंटीत आहे. कबड्डीला थोडी माती पुरते, भजनाला व्हरांडा पुरतो, कॅरमला जिन्याखालची जागा आणि एक बल्ब. एकट्याने करण्याचा छंद ही ऐपतीची गोष्ट आहे. (माझ्या अर्जातील 'वाचन' हे आमच्या घराला दुसरी खोली मिळाल्यानंतर सुरू झाले, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.)

आबांचे भजनी मंडळ अशाच एका गाळ्यातून निघाले. मंडळात अकरा जण, बहुतेक एकाच पंचक्रोशीतील. सर्वांची पाळी एक असणे शक्य नव्हते, म्हणून शनिवारी रात्री बसायचे ठरले. तरी दुसऱ्या पाळीचे लोक बारानंतर, डोक्यात कापसाचे तंतू घेऊन थेट येत आणि झांजा उचलीत. तिसऱ्या पाळीवाला असेल त्याचा त्या आठवड्यात खाडा. पुढच्या आठवड्यात पाळ्या बदलत आणि मंडळाचा आवाजही बदले. "कधी चकवे जास्त, कधी कोरस जास्त," असे आबा सांगतात. बुवा मात्र कायम पहिल्या पाळीचे. त्यासाठी त्यांनी मुकादमाला काय काय दिले, हे आबांनी मला सांगितले. मी ते येथे लिहीत नाही.

डबलबारीची माहिती सर्वच वाचकांना नसेल, म्हणून थोडे सांगते. दोन भजनी मंडळे समोरासमोर बसतात. प्रत्येकाचा एक बुवा, तो पेटी वाजवीत गातो. सोबत पखवाज, झांजा आणि मागे धरणारे. रूपाचा अभंग, इतर अभंग, गवळण आणि शेवटी गजर असा साधारण क्रम. एका बुवाने आपल्या बारीत पुराणातला एखादा पेच टाकायचा आणि दुसऱ्याने आपल्या बारीत त्याची उकल करून उलट प्रश्न करायचा. रात्र रात्र हे चालते. परशुराम पांचाळ, चिंतामणी पांचाळ, काशिराम परब ही या क्षेत्रातील नामवंत नावे कोकणातील माणसाला सांगावी लागत नाहीत. चौथी-पाचवीत शाळा सुटलेली माणसे पांडवप्रतापातील आणि हरिविजयातील बारीकसारीक प्रसंग त्या उत्तरासाठी पाठ करीत. आपल्याकडे परीक्षेची तयारी याहून पुष्कळ कमी होते.

आबांच्या पखवाजाकडे मी लहानपणापासून पाहात आले, पण तो कसा लागतो हे या प्रकल्पामुळे प्रथम नीट विचारले. उजव्या बाजूला काळी शाई असते. वादीखालच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडीने ठोकून ती बाजू बुवांच्या पट्टीत आणायची. डाव्या बाजूला ओली कणीक थापायची. कणकेच्या वजनाने आणि ओलाव्याने ती बाजू खाली उतरते आणि तिला तो पोटातून आल्यासारखा घुमार येतो. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ, जास्त झाली तर मुका. कार्यक्रम संपला की ती खरवडून काढायची, नाही तर वाळून कातडे ताणते. हे सर्व आबा कानापेक्षा हाताने ओळखतात. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालत असल्याने बोललेले ऐकूच येत नसे. माणसे ओठांच्या हालचालीवर आणि खुणांवर बोलत. वीस वर्षांत आबांचे कान बरेच गेले. मी विचारले, मग तुम्ही पखवाज कसा लावीत होता? त्यांनी माझा तळवा डाव्या बाजूवर ठेवला आणि उजवीकडे थाप मारली. तळव्याला जे जाणवले ते मला शब्दांत सांगता येणार नाही, पण त्यांचे उत्तर मला समजले.

गिरणगावात याखेरीज किती नाद होते, ते येथे विस्ताराने सांगणे शक्य नाही. रत्नागिरीकडच्या मंडळींचा शक्ती-तुरा, घाटावरच्यांची लेझीम, लालबागच्या हनुमान थिएटरातील तमाशा, भारतमाता टॉकीजमधील मराठी चित्रपट, आकाशवाणीवरील 'कामगार सभा', पौष पौर्णिमेची प्रभादेवीची जत्रा हे सर्व त्यात येते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून याच वस्तीत शाहिरी उभी केली. ती करमणूक म्हणावी की चळवळ, हा वाद आमच्या वर्गात अजून मिटलेला नाही. कामगारांच्या नाटकांना परळचे दामोदर नाट्यगृह हे हक्काचे स्थान होते. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ती वास्तू १९२२ ची. २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी ती बंद झाली. उलट आमच्या घरापासून पाच मिनिटांवर सयानी मार्गावर रवींद्र नाट्य मंदिर आहे. आबा तेथे आजवर दोनदा गेले आहेत.

एक गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने कामगारांच्या करमणुकीसाठी एक निधी निर्माण झाला. त्यातूनच कामगार कल्याण केंद्रे, तेथील कॅरम, वाचनालये, शिवणवर्ग, नाट्य आणि भजन स्पर्धा चालत आल्या. मंडळाचे मुख्य कार्यालय आमच्या स्टेशनजवळच, हुतात्मा बाबू गेनू यांच्या नावाच्या क्रीडाभवनात आहे. (या स्टेशनला २०१८ पासून प्रभादेवी हे नाव मिळाले, आबा अजून एल्फिन्स्टनच म्हणतात.) कायद्यात हा निधी कशाकशातून उभा राहायचा ते दिले आहे. त्यात कामगारांकडून वसूल झालेला दंड येतो आणि कोणी उचलून न नेलेला पगारही येतो. हे मी आबांना वाचून दाखविले, तेव्हा ते खूप हसले. म्हणाले, उशिरा आल्याबद्दल कापलेल्या पैशांतच आमची ढाल आली असेल. मंडळाला भजन स्पर्धेत एकदा ढाल मिळाली होती. त्या दिवशी आबांना रजा नव्हती, आणि त्यांचा खाडा लागला होता.

आतापर्यंत मी पुरुषांविषयीच लिहिले, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणी कामगारांत सुमारे पंचमांश स्त्रिया होत्या. पुढे त्या कमी कमी होत गेल्या. पुष्कळ जणींनी खानावळी चालविल्या. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. माझी आजीही आठ माणसांचे डबे करीत असे. तिला मी तोच प्रश्न विचारला. पाट्यावरून मान वर न करता ती म्हणाली, "माका झोप गावली असती, तर तोच माझो छंद." गणपतीत फुगड्या घातल्या, असे तिने नंतर आठवून सांगितले. वर्षातून पाच दिवस. मंडळ शनिवारी रात्री बाराला बसे, तेव्हा चहा कोण करीत असे, हे मी आबांना विचारायचे विसरले नव्हते. त्यांनी उत्तर दिले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. आता आबांना वेळच वेळ होता. माझी कल्पना अशी की, त्या काळात भजने जास्त झाली असतील. तसे झाले नाही. अकरांपैकी सहा जण दोन-तीन महिन्यांत गावी गेले. गणपतीच्या आधी मंडळाची पेटी विकली आणि आलेले पैसे उरलेल्या बिऱ्हाडांनी वाटून घेतले. काम गेले तेव्हा फावला वेळही गेला. उरला तो नुसता वेळ. पाळीच नसेल तर पाळीनंतरचे काय असणार?

आजीच्या माहेरच्या दोन पाटल्या त्याच वर्षी गहाण पडल्या. त्या सुटल्या नाहीत. पखवाज मात्र खुंटीवर राहिला. ही गोष्ट आमच्या घरात चाळीस वर्षे अधूनमधून निघते आणि प्रत्येक वेळी नव्याने दुखते. आबांचे म्हणणे असे की, जुन्या पखवाजाचे किती आले असते? चाळीस रुपये, फार तर पन्नास. हिशेब बरोबर आहे. मी आजीला तो ऐकवला. ती म्हणाली, "पैशाचा नाय गो. माका इचारूक व्हया होता."

मी प्रकल्पात लिहिले होते की, गिरणगावचे छंद हा कामगारांचा सामूहिक आधार होता. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या मुलाखतींतून लिहिलेल्या २००४ च्या ग्रंथातूनही वस्तीतील त्या एकोप्याचे चित्र उभे राहते, आणि माझे विधान चुकीचे आहे असे मला वाटत नाही. परंतु आजीच्या वाक्यानंतर मी त्या पानाच्या समासात एक प्रश्नचिन्ह काढले आणि तसेच ते सरांना दिले.

आबांनी पुढे एका इमारतीत पहारेकरी म्हणून नोकरी केली. मंडळात आता चौघे उरले आहेत. एक विरारला, एक बदलापूरला, दोघे येथेच. आमची चाळ पाडून मनोरा व्हायचा आहे. नकाशात व्यायामाची खोली आहे, पोहण्याचा तलाव आहे. चौघांनी बसावे अशी जागा मी शोधली, ती वाहनतळाखेरीज कोठे दिसली नाही. सध्या आम्ही ज्या तात्पुरत्या इमारतीत राहतो, तेथे शेजाऱ्यांनी आवाजाबद्दल एकदा सांगून पाहिले आहे.

गेल्या आषाढी एकादशीला दुपारी चौघेही आले. उपवासाच्या दिवशी आमच्याकडे पोळ्या होत नाहीत, साबुदाणा भिजत घातला होता. आबा पखवाज मांडीवर घेऊन बसले आणि कोणाला काही न म्हणता स्वयंपाकघराकडे पाहू लागले. आजीने डबा उघडून मूठभर पीठ काढले, मळले आणि गोळा त्यांच्यासमोर वाटीत ठेवला.

"जास्ती लावू नकात," ती म्हणाली. "पीठ म्हाग झाला."