नवा कॉम्प्रेसर घेताना एचपी विचारू नका, हवा विचारा

घरच्या वर्कशॉपमधला जुना कॉम्प्रेसर दमला की बहुतेक जण दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारतात, ‘दोन एचपीचा केवढ्याला?’ दुकानदार किंमत सांगतो, थोडी घासाघीस होते आणि मशीन घरी येतं. मग पहिल्याच कपाटाला रंग मारताना गनचा फवारा मधेच मंदावतो, पृष्ठभागावर थेंब उमटतात आणि पैसे नेमके कुठे चुकले ते लक्षात येतं. मोटर किती जोर लावते एवढंच एचपीवरून कळतं. तुमची गन किंवा सँडर चालतो तो हवेवर. त्यामुळे दुकानात विचारायचं ते असं: हा मिनिटाला प्रत्यक्ष किती हवा देतो? आणि त्याआधी घरीच ठरवायचं की माझ्या हत्याराला किती हवा लागते.

त्याहीआधी जुन्याचा निकाल लावून टाका. ज्याला आपण ‘गेला’ म्हणतो तो कॉम्प्रेसर पुष्कळदा पाचशे रुपयांच्या भागावर अडलेला असतो. मोटर नुसती घुमते आणि फिरत नाही, तर कपॅसिटर पाहा. तो दोन-चारशे रुपयांत मिळतो. मशीन बंद झाल्यावर प्रेशर स्विचखालून क्षणभर फुस्स आवाज येणं ठीकच आहे, पण हवा सुटतच राहिली तर टाकीच्या तोंडावरचा एनआरव्ही (हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गेलेला आहे. तोही तेवढ्याच किमतीचा. टाकी भरायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो, तर हेडमधल्या व्हॉल्व्हच्या पट्ट्या नाहीतर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. त्याला मजुरीसह दीड-दोन हजार धरा. मोटर जळाली असेल तर रिवाइंडिंगचे दोन ते साडेतीन हजार. दुरुस्तीचा आकडा नव्या मशीनच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत असेल तर मी दुरुस्तीच करेन. टाकीला गंजून भोक पडलं असेल तर मात्र विचार करण्यासारखं काही उरत नाही. ती टाकी संपली. तिच्यावर वेल्डिंगचं ठिगळ मारून द्यायला कोणीही तयार झाला तरी मारून घेऊ नका. भोकाच्या आजूबाजूचा पत्राही आतून तितकाच खाल्लेला असतो आणि आत आठ बारचा दाब असतो.

आता हवेचा हिशेब. नेमकं इथेच घोडं पेंड खातं. लेबलवर ‘मिनिटाला २०० लिटर’ असं छापलेलं असतं. पिस्टन तेवढी हवा आत ओढतो असा त्याचा अर्थ. दाब वाढला की त्यातली बरीच वाया जाते आणि टाकीत पोचते ती साधारण साठ-पासष्ट टक्के. हा जो बाहेर पडणारा खरा आकडा, त्याला कंपन्या एफएडी म्हणतात. चांगल्या कंपनीच्या पत्रकात तो सात किंवा आठ बारवर दिलेला सापडतो. स्वस्तातल्या मशीनवर तो सहसा नसतो, पण तुम्ही स्वतः तो काढू शकता आणि त्यासाठी एक मोबाइल पुरतो. दुकानदाराला मशीन लावायला सांगा, नळ बंद ठेवा आणि गेजचा काटा ६ बारवरून ८ बारवर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. टाकी ५० लिटरची असेल तर दोन बार चढणं म्हणजे १०० लिटर हवा आत गेली. ४५ सेकंद लागले तर मिनिटाला १३३ लिटर, म्हणजे ४.७ सीएफएम. (एक सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर.) जो दुकानदार एवढं करून दाखवायला कुरकुर करेल, त्याच्याकडून घेऊ नका.

हत्यारांची भूक फार वेगवेगळी असते. टायरमध्ये हवा भरणं, खिळे ठोकायची गन, एअरब्रश यांना हवा जेमतेम लागते. २४ लिटरची टाकी त्यांना भरपूर झाली. ब्लो गन तीन ते पाच सीएफएम घेते, पण आपण ती सलग धरून ठेवत नाही. अर्धा इंची इम्पॅक्ट रेंच साधारण चार-पाच घेते, तीही नट सैल होईपर्यंतच. खरे खादाड दोन: रंगाची गन आणि हवेवरचा सँडर. साध्या गनला सहा-सात सीएफएम, एचव्हीएलपी गनला आठ ते बारा, सँडरलाही तेवढेच. सँडरसाठी म्हणून घरात मोठा कॉम्प्रेसर आणणं मला पटत नाही. विजेवरचा सँडर घ्या आणि मोकळे व्हा.

‘टाकी मोठी घेतली की झालं’ हा सल्लाही सगळीकडे मिळतो. टाकी हवा साठवते, तयार करत नाही. समजा गन मिनिटाला २०० लिटर घेते आणि मशीन १३० देतं. ५० लिटरच्या टाकीत ८ बार आहे आणि मोटर साडेपाचला सुरू होते. पहिले १२५ लिटर गन पाऊण मिनिटाच्या आत संपवते. मग मोटर चालू होते, पण दर मिनिटाला ७० लिटरची तूट पडतच राहते, आणि पुढच्या पावणेदोन मिनिटांत दाब तीन बारवर येतो. तिथून फवारा बिघडायला लागतो. म्हणजे ट्रिगर सलग दाबला तर जेमतेम अडीच मिनिटं. स्टूल, फोटोफ्रेम, सायकलची चौकट यांना तेवढं चालतं, कारण मधे हात थांबतो. कपाटाच्या दाराला नाही चालत, तिथे ओली कड सुकायच्या आत पूर्ण दार व्हायला हवं. अशा वेळी कॉम्प्रेसर मोठा घेण्याऐवजी एलव्हीएलपी गन घ्या. ती साडेतीन ते पाच सीएफएमवर चालते आणि दोन ते चार हजारांत मिळते. हाताचा वेग थोडा कमी ठेवावा लागतो, पण दहा-पंधरा हजार वाचतात.

किमती साधारण अशा. शहर आणि कंपनीप्रमाणे हलतात, आणि भाव विचारताना १८ टक्के जीएसटी धरून सांगितलाय का ते आधी विचारा. डायरेक्ट मोटरचा, तेलाचा, दोन एचपी आणि २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर सात ते दहा हजारांत येतो, ५० लिटरचा दहा ते पंधरा. मोटर मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेते, म्हणून आवाज प्रचंड आणि हेड लवकर तापतं. अर्धा वेळ चालवायचा, अर्धा वेळ थांबवायचा. तेल नसलेला, ‘सायलेंट’ म्हणून विकला जातो तो २४-३० लिटरचा नऊ ते चौदा हजार. त्याची मोटर निम्म्या वेगाने फिरते, आवाज ६०-६५ डेसिबलच्या आसपास राहतो, हवेत तेलाचा अंश नसतो. आयुष्य मात्र तेलवाल्यापेक्षा कमी, कारण पिस्टनची रिंग कोरडीच घासत असते. बेल्टवाल्याचं हेड ओतीव लोखंडाचं आणि वेग संथ. तो पंधरा-वीस वर्षंही काढतो. एक एचपी आणि चाळीस-पंचेचाळीस लिटर टाकीचा स्थानिक जोडणीचा पंधरा-वीस हजारांत मिळतो. कोइम्बतूरची एल्गी १९६० पासून या धंद्यात आहे. अशा नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा तर पंचवीसच्या पुढेच जावं लागतं.

फ्लॅटमध्ये किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करत असाल तर सायलेंटशिवाय दुसरं काही घेऊ नका, हे मी ठामपणे सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि डायरेक्टवाला जवळून नव्वदीच्या घरात ओरडतो. वरच्या मजल्यावर कुणाचं तान्हं बाळ असतं, कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं. चार हजार जास्त गेले तरी जाऊ द्यावेत. गावात, आवारात स्वतंत्र शेड असेल आणि रंगकाम नेहमीचं असेल, तर बेल्टवालाच घ्यावा.

मशीनच्या किमतीवर आणखी तीन ते सात हजारांचा वरखर्च येतो आणि तो दुकानात कोणी बोलून दाखवत नाही. दोन एचपीची मोटर चालताना नऊ-दहा अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट झटका मारते. सहा अँपिअरच्या प्लगवर हे चालणार नाही. १६ अँपिअरचा पॉइंट, निदान अडीच चौरस मिलिमीटरची तार, सी प्रकारचा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं; यासाठी इलेक्ट्रिशियनचे दीड ते तीन हजार ठेवा. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गावात तीन एचपीच्या मोहात पडू नका, मोटर सुरूच होत नाही आणि कपॅसिटर जळतात. लांब एक्स्टेंशन बोर्डही लावू नका. वायर लांबवण्यापेक्षा हवेचा पाइप लांबवा: दहा मीटरचा आठ मिलिमीटरचा पाइप पाचशे ते हजारात येतो. एफआरएल किंवा निदान पाणी अडवणारा फिल्टर-रेग्युलेटर आठशे ते अडीच हजार, कपलर दोन-तीनशे. विजेचं म्हणाल तर तासाला साधारण दोन युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वीस रुपये. हौशी वापरात हा खर्च नगण्य आहे.

फिल्टरवर मात्र काटकसर नको, विशेषतः कोकणात. जुलैतल्या रत्नागिरीच्या किंवा पणजीच्या हवेत घनमीटरला पंचवीस ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. आठ बारला दाबलेली हवा थंड झाली की त्यातलं बहुतेक पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसतं. मिनिटाला १३० लिटर देणारं मशीन तासभर चाललं तर दीडशे मिलीहून जास्त, म्हणजे पाऊण पेला पाणी. ते गनमधून गेलं तर पॉलिशवर पांढरे डाग येतात, टाकीत राहिलं तर पत्रा खातं. काम संपलं की खालचा ड्रेन कॉक उघडा. तांबूस पाणी आलं तर गंज सुरू झाला असं समजा. घेतानाच तो कॉक हाताला सहज लागतो का ते पाहून घ्या. कित्येक मशीनना तो चाकांच्या मधे असा लपवलेला असतो की महिनोन् महिने कुणी उघडत नाही.

तेलाच्या मशीनमध्ये कॉम्प्रेसरचंच तेल घाला. गाडीच्या इंजिनऑइलने व्हॉल्व्हवर काजळी धरते. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला रिंगसेट, व्हॉल्व्हप्लेट आणि गॅस्केट प्रत्यक्ष दाखवायला सांगा. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात चालू मॉडेलचे भाग सापडतात. ऑनलाइन घेतलेल्या अनोळखी नावाच्या मशीनची गॅस्केट फाटली की अख्खं मशीन पडून राहतं. वॉरंटी कार्डावर ‘झिजणारे भाग वगळून’ अशी ओळ जवळपास ठरलेली असते, त्यामुळे वर्षापेक्षा सुट्या भागांना जास्त महत्त्व द्या.

जुना बेल्टवाला दहा-बारा हजारांत मिळत असेल तर हेड बिनधास्त घ्या, टाकी तपासल्याशिवाय घेऊ नका. टाकीवरची पाटी वाचा. वर्ष आणि चाचणीचा दाब कोरलेला असायला हवा. तळाचा भाग हलक्या हातोडीने वाजवा, खणखणीत आवाजाच्या मधे कुठे बद्द लागलं तर सोडून द्या. रंग ताजा असेल तर संशय जास्त घ्या. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून हवा सुटते ना, ते पाहा. शंका उरली तर हायड्रो टेस्ट करून घ्या: टाकी पाण्याने भरून नेहमीच्या दीडपट दाब देतात, आणि पाणी आकसत नसल्यामुळे टाकी फाटली तरी स्फोट न होता नुसती गळते.

तुमची स्वतःची जुनी टाकी भंगारात देताना ग्राइंडरने तिला एक मोठी फट पाडून द्या. आधी सगळी हवा सोडा, कॉक उघडा ठेवा, मगच ग्राइंडर लावा. अखंड दिली तर कुणीतरी तिला रंग फासून पुन्हा विकेल. मोटर चालू असेल तर काढून ठेवा. तिच्यावर पाणी उपसायचा पंप किंवा पॉलिशचा बफ चालतो.