गायरानातील मुळांच्या गाठी : एक परिसरपाठ

भाद्रपदाच्या सुमारास गायरानातील गवत वाढलेले असते व जमीन मऊ असते. चौथी-पाचवीच्या वर्गास मुळांवरील गाठींचा पाठ देण्यास हा काळ फार सोयीचा. हा पाठ बहुधा फळ्यावर चित्र काढून उरकला जातो. तो कुदळ घेऊन शिकवावा, अशी शिक्षकबंधुभगिनींना विनंती आहे.

रोप कोणते घ्यावे, हा पहिला प्रश्न. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी शेंगा दिसल्या म्हणून मुलांकडून टाकळा उपटविला. एकाही मुळावर गाठ निघाली नाही. “गुरुजी, गाठी कुठं आहेत?” असे एका मुलीने विचारले, तेव्हा “धुताना गळाल्या असतील” असे मी सांगितले. ते खोटे होते. टाकळा शेंगवर्गीय असला तरी त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत. हे मला कळले तोवर ती मुलगी शाळा सोडून गेली होती.

म्हणून स्टायलो घ्यावा. पिवळ्या फुलांचा हा बहुवर्षायू चारा कुरणांत गवताबरोबर पेरतात. तो गावी नसल्यास बांधावरची चवळी चालेल. दोहोंच्या मुळांत शिरणारे जंतू एकाच गटातले असून ते आपल्या बहुतेक जमिनींत असतात. लसूणघासास मात्र निराळे जंतू लागतात. यास्तव नव्या जमिनीत त्याचे बियाणे जिवाणूखत चोळून पेरतात.

रोप हिसकू नये. हिसकल्यास गाठी मातीतच राहतात. सभोवतीची वीतभर माती सैल करून ढेकळासह रोप उचलावे व बादलीत भिजू द्यावे. गाठ मुळाच्या कडेस चिकटलेली असते व नखाने सुटते. मूळच फुगलेले असेल व फुगीर भाग सुटत नसेल, तर ती सूत्रकृमींनी केलेली रोगट गाठ समजावी. मग शिक्षकांनी स्वतः पात्याने एक निरोगी गाठ कापून दाखवावी. आत गुलाबी रंग दिसला तर जंतू कामावर आहेत. हिरवट वा करडा दिसला तर काम थांबले आहे. हा गुलाबी रंग आपल्या रक्तातील रंगद्रव्याच्याच जातीच्या द्रव्याचा आहे. जंतू म्हणजे रोग, ही मुलांची समजूत येथे आपोआप ढिली होते.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही झाडास तो जसाच्या तसा घेता येत नाही. गाठीतील जंतू तो उपयोगी रूपात आणून देतात. मोबदल्यात पानांनी केलेली साखर घेतात. १८८८ साली बायरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जंतू प्रथम वेगळे काढले. मुळांशी राहणारी एक सूक्ष्म बुरशीही साखरेच्या बदल्यात दूरचा स्फुरद आणून देते. परंतु ती डोळ्यांस दिसत नसल्याने तिचा केवळ उल्लेख पुरे.

चराईचा संबंध येथेच येतो. शेळ्यांनी पाला पुनःपुन्हा ओरबाडला की साखर आटते, जंतू उपाशी पडतात व गाठी झडतात. शेजारच्या गवतासही नत्र थेट मिळत नाही. गाठी, मुळे व पाला कुजून आणि जनावरांच्या शेणमुतातून तो पोहोचतो. म्हणून कुंपणाआडचे एक व रोजच्या चराईतील एक रोप शेजारी ठेवून गुलाबी गाठी मुलांकडून मोजवाव्यात. वर्गात शेळ्या राखणाऱ्या घरची मुले असतात. त्यांच्या घरचा दोष काढला असे वाटू देऊ नये. कोणत्या महिन्यात पाला पुन्हा लवकर फुटतो, हे उलट त्यांनाच विचारावे.

परतताना खड्डे बुजवावेत व हात धुऊन घ्यावेत.